ब्रँडन रॉय: पाच सीझनमध्ये संपलेलं करिअर आणि आपल्या लेकरांचे गुडघे

गोदाकाठ (नांदेड):
राम राम मंडळी. ह्या खेळाडूवर लई दिवसांपासून लिहायचं मनात होतं. क्रिकेटच्या गर्दीत इथं बास्केटबॉलवाले कितीक आहेत ठाऊक नाही, पण जे आहेत त्यांनी वाचा आणि ज्यांची लेकरं ग्राउंडवर जातात त्यांनी तर नक्की वाचा.

ब्रँडन रॉय म्हणजे एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या, पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सचा शूटिंग गार्ड. १९८४ चा जन्म, गाव सिॲटल. शाळेत असतानाच नाव झालं होतं पण कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत अडकला, वाचायला त्रास व्हायचा, परीक्षा परत परत द्यावी लागली, आणि त्या मधल्या काळात पठ्ठ्या बंदरावर जाऊन मालाचे कंटेनर साफ करायचा. मग वॉशिंग्टन विद्यापीठाकडून चार वर्षं खेळला. २००६ च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात तो कार्यक्रम) सहाव्या नंबरवर मिनेसोटानं घेतला अन् लगेच रँडी फॉयच्या बदल्यात पोर्टलंडला देऊन टाकला. पहिल्याच सीझनला रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सगळ्यात चांगला नवखा खेळाडू, १२८ पैकी १२७ मतं ह्याला. २००८, २००९, २०१० तिन्ही वर्षी ऑलस्टार.

त्याचा खेळ बघताना जाणवायचं की हा माणूस घाईच करत नाही. जोरात निघायचा, मधेच वेग तोडायचा, अडवणारा दोन पावलं पुढं निघून जायचा आणि हा निवांत बोर्डला लावून बॉल टाकायचा. उंच उड्या मारून डंक करणारे ढिगानं होते, पण समोरच्याच्या पायाचा तोल बघून खेळणारे कमी.

आणि डिसेंबर २०११ ला रिटायर, वय फक्त २७. दोन्ही गुडघ्यांतली गादी संपली होती, हाडाला हाड घासायलं होतं. २०१२ ला मिनेसोटाकडून परत उभं राहायचा प्रयत्न केला, ५ मॅच खेळला, पुन्हा ऑपरेशन, आणि संपलं. सगळ्या मिळून ३२६ मॅच, सरासरी १८.८ पॉइंट.

लोकं त्याला "वाया गेलेलं टॅलेंट" म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. वाया काहीच गेलं नाही, जेवढं होतं तेवढं त्यानं कोर्टवर ओतलं. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. एप्रिल २०१० मध्ये उजव्या गुडघ्यातला मेनिस्कस (हाडांमधली गादी) फाटला, १६ तारखेला ऑपरेशन झालं आणि २४ तारखेला तो फिनिक्सविरुद्ध प्लेऑफची (सीझनच्या शेवटच्या बाद फेरीची) मॅच खेळायला उतरला. आठ दिवसांत! ती मॅच जिंकले, सिरीज हरले. टाळ्या वाजवणाऱ्या त्या सगळ्या गर्दीत एकानं तरी त्याला धरून खाली बसवायला पाहिजे होतं.

लातूर_पॉइंटगार्ड:
दादा काय विषय काढलात!! माझा सगळ्यात आवडता प्लेअर. नोव्हेंबर २००८ ची ह्यूस्टनची मॅच आठवते का, ओव्हरटाइम चालू, रॉयनं बास्केट करून पोर्टलंडला पुढं नेलं, मग याओ मिंगनं बास्केट प्लस फाउल घेऊन ह्यूस्टनला एका पॉइंटनं पुढं काढलं आणि घड्याळात उरले ०.८ सेकंद. एका सेकंदापेक्षा कमी. साइडनं पास आला, रॉय तीन पॉइंटच्या रेषेच्याही बराच मागं, धरला अन् सोडला, आत! १०१-९९. आणि डिसेंबरात फिनिक्सला एकट्यानं ५२ ठोकले ते वेगळंच.

ह्या मॅचबद्दल अजून एक गोष्ट मनाला लागते. समोर उभा असलेला याओ पण २०११ लाच रिटायर झाला, त्याचा पायाच्या हाडानं घात केला. त्या रात्री शेवटच्या दोन सेकंदांत एकमेकांना उत्तर देणारे दोघं, आणि तीन वर्षांत दोघंही कोर्टवर नाहीत.

जालना_एक्सप्रेस:
मी बास्केटबॉल फारसं बघत नाही, पण एक विचारतो. २७ व्या वर्षी रिटायर झाला तरी पैसे तर मिळाले असतील ना? मग एवढं वाईट काय. आपल्याकडं राज्य खेळलेली पोरं आज शोरूमवर उभी हैत.

गोदाकाठ (नांदेड):
@जालना_एक्सप्रेस भाऊ पैसे मिळाले, २००९ ला पाच वर्षांचा मोठा करार झाला होता आणि पोर्टलंडनं त्याला सोडलं तेव्हा अॅम्नेस्टी नावाचा नियम वापरला. म्हणजे खेळाडूचे ठरलेले पैसे द्यायचेच पण टीमच्या पगाराच्या मर्यादेत ते धरायचे नाहीत. त्यामुळं उपाशी राहिला नाही, ते खरंय. आणि आपल्या पोरांचं तुम्ही म्हणता ते तर शंभर टक्के खरं.

पण पैसे वेगळे आणि खेळ वेगळा. त्यासाठी २३ एप्रिल २०११ ची मॅच सांगतो.

त्या वर्षी जानेवारीत रॉयच्या दोन्ही गुडघ्यांचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं होतं. परत आला तो बेंचवरचा खेळाडू म्हणून. डॅलसविरुद्ध प्लेऑफ, दुसऱ्या मॅचला त्याला जेमतेम आठ मिनिटं मिळाली आणि एकही पॉइंट नाही. बेंचवर बसल्या बसल्या रडू येईल असं वाटत होतं, हे त्यानं मॅचनंतर स्वतः सांगितलं. ज्या टीमचा तो राजा होता त्याच टीममध्ये त्याच्याकडं कोणी बघेना.

मग चौथी मॅच, घरच्या मैदानावर. तिसऱ्या क्वार्टरमध्ये पोर्टलंड २३ नं मागं, ६७-४४. मॅच गेलीच म्हणून सोडून द्यायची वेळ. चौथ्या क्वार्टरला रॉय सुरू झाला आणि मी आजही तो व्हिडिओ लावला की हातातलं काम बाजूला राहतं, कारण त्याला उडी मारता येत नाहीये, हे उघड दिसतं, पायात जोरच नाही, पण तो खांद्यानं धक्का देतो, थांबतो, समोरच्याला हवेत जाऊ देतो आणि मग टाकतो, म्हणजे पाय गेले तरी डोकं शाबूत होतं ना, सगळी मॅच तो डोक्यानं खेळला. एक मिनिट उरलं तेव्हा फाउल खाऊन तीनचा बॉल टाकला, वरून फ्री थ्रो, एकाच वेळी चार पॉइंट, ८२-८२. पुढच्या खेपेला आत घुसून बोर्डला लावून टाकला, ८४-८२. शेवटी डॅलसच्या जेसन टेरीचा तीनचा शॉट हुकला आणि मॅच संपली. रॉयचे २४, त्यातले १८ चौथ्या क्वार्टरला.

सिरीज डॅलसनं ४-२ नं घेतली आणि पुढं चॅम्पियन पण तेच झाले. पण त्या वर्षीच्या डॅलसला असं कोणी लोळवलं असेल तर गादी नसलेल्या गुडघ्यांच्या ह्या माणसानं. आठ महिन्यांनी रिटायर.

फिजिओताई (छ. संभाजीनगर):
मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज हेच गुडघे बघते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मेनिस्कस म्हणजे मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये बसलेल्या दोन अर्धचंद्राकार गाद्या, एक आतल्या बाजूला एक बाहेरच्या. उडीवरून खाली आल्यावर जो भार येतो तो पसरवायचं काम त्यांचं. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला जवळपास नसतो. म्हणून कडेला फाटलं तर टाके घालून जुळायची शक्यता असते, आत फाटलं तर बहुतेक वेळा फाटलेला तुकडा कापून काढतात. टाके घातले तर खेळायला परतायला चार ते सहा महिने, कापून काढलं तर साधारण चार ते सहा आठवडे. मग घाई असलेला खेळाडू काय निवडेल सांगा. पण जेवढी गादी काढली तेवढा भार खालच्या कूर्चेवर, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत थरावर, येतो आणि ती कूर्चा एकदा झिजली की परत येत नाही, कुठल्याही गोळीनं, पावडरीनं, तेलानं येत नाही. रॉयनं २०१२ ला परत यायच्या आधी स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेटची इंजेक्शनं गुडघ्यात घेतली होती. दुखणं कमी व्हायला काहींना त्याचा उपयोग होतो, पण गेलेली गादी त्यानं भरून येत नाही.

आठ दिवसांत प्लेऑफ खेळणं हे माझ्या डोक्याबाहेरचं आहे. कातडीचे टाके सुद्धा नीट वाळत नाहीत तेवढ्यात.

परभणीचा_सेंटर:
ताई माहिती एकदम बरोबर, पण गोदाकाठ सरांच्या एका मुद्द्यावर माझं वेगळं मत आहे. त्या आठ दिवसांवर सगळं खापर फोडणं बरोबर नाही. रॉयचा गुडघा कॉलेजातच गेला होता, वॉशिंग्टनला असताना मेनिस्कस फाटून मॅच हुकल्या होत्या. २००८ च्या ऑगस्टमध्ये डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. म्हणजे २०१० ला तो बसला असता तरी फार तर वर्ष दीड वर्ष जास्त खेळला असता. आणि त्याला कोणी जबरदस्तीनं उतरवलं नव्हतं, त्याचीच इच्छा होती. खेळाडूला खेळू न देणं हा पण अन्यायच आहे की.

गोदाकाठ (नांदेड):
@परभणीचा_सेंटर इच्छा त्याचीच होती, मान्य. पण पंचवीस वर्षांच्या खेळाडूला प्लेऑफच्या आठवड्यात विचारलं "खेळतोस का" तर तो नाही म्हणेल का? तुम्ही म्हणाला असता? मी नसतो म्हणालो. म्हणूनच तो प्रश्न त्याला विचारायचाच नसतो, तो डॉक्टरला विचारायचा असतो आणि डॉक्टरनं टीमचा स्कोअर न बघता उत्तर द्यायचं असतं. वर्ष दीड वर्ष म्हणता, पण एकूण करिअर केवढं त्याचं? पाच सीझनवाल्याला एक सीझन म्हणजे लई झालं.

लातूर_पॉइंटगार्ड:
पोर्टलंडचं नशीबच तसलं हो. बिल वॉल्टननं १९७७ ला चॅम्पियन केलं आणि त्याचे पाय गेले. १९८४ ला मायकल जॉर्डनला सोडून सॅम बोवीला घेतलं, त्याचा पाय मोडत राहिला. २००७ ला पहिल्याच नंबरवर ग्रेग ओडनला घेतलं, केविन ड्युरंट दुसऱ्या नंबरला गेला, आणि ओडन पोर्टलंडकडून एकूण ८२ मॅच खेळला. ८२ म्हणजे एनबीएचा एक सीझन! रॉय, ओडन, लमार्कस ऑल्ड्रिज हे तिघं एकत्र धडधाकट पाच वर्षं खेळले असते तर काय झालं असतं हा विचार आजही डोक्यातून जात नाही.

धाराशिव_८:
आपला सतनामसिंग पण सांगा की कोणीतरी. पंजाबातल्या खेड्यातला पोरगा, २०१५ ला डॅलसनं ५२ व्या नंबरवर घेतला, भारतात जन्मलेला पहिला ड्राफ्ट झालेला खेळाडू. एनबीएच्या मेन लीगमध्ये एक मॅच सुद्धा मिळाली नाही, डेव्हलपमेंट लीगमध्येच राहिला आणि नंतर कुस्तीच्या शोमध्ये गेला. छोटं करिअर म्हणलं की मला तोच आठवतो. निदान तिथपर्यंत पोचला.

बीडवाली:
मी इथं फक्त वाचत असते, आज लिहावं वाटलं. माझी मुलगी नववीत आहे, शाळेच्या टीममधून खेळते, डिव्हिजनला जाऊन आलीय. दिवाळीपासून तिचा उजवा गुडघा दुखायलाय. ती सांगत नाही, पण मला दिसतं ना. जिना उतरताना कठडा धरून आडवी उतरते, एकेक पायरी, उजवा पाय आधी. रात्री गुडघा दाबून बघितला तर वाटीच्या दोन्ही बाजूनं फुगलेला असतो, सकाळी जरा कमी. सर म्हणतात क्रेप बांधून खेळ, पुढच्या महिन्यात सिलेक्शन आहे, सिलेक्शन झालं की दहावीला क्रीडा गुण मिळतील. तिच्या वडलांचं पण तेच म्हणणं आहे. ताई तुम्हीच सांगा काय करू.

फिजिओताई (छ. संभाजीनगर):
@बीडवाली ताई, आधी एक सांगते, तुम्ही बघितलंत ते फार नीट बघितलंत. खेळल्यावर गुडघा फुगतो म्हणजे आत काहीतरी बिघडलंय, नुसता थकवा नाही हा. तिला विचारा, गुडघा मधेच अडकतो का, पूर्ण सरळ होतो का, चालताना एकदम दगा देतो का. यातलं एक जरी हो आलं तरी ग्राउंड आजपासून बंद आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, ते तपासून एमआरआय लागतो का ते ठरवतील. क्रेपनं सूज दबते, आतलं फाटलेलं शिवलं जात नाही.

आणि मुलींच्या बाबतीत एक गोष्ट सगळ्या पालकांनी आणि सरांनी लक्षात ठेवा. उडीच्या खेळांत मुलींना एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आतला मुख्य लिगामेंट तुटायचा धोका मुलांपेक्षा बराच जास्त असतो. खाली येताना गुडघे एकमेकांकडं आत वळतात का बघा. वळत असतील तर मांडीचे आणि कमरेच्या बाजूचे स्नायू कमी पडायलेत. ते व्यायामानं सुधारतं. एका पायावर हळू बसणं उठणं, बॉक्सवरून उतरून दोन्ही गुडघे वाकवून मऊ उतरणं, आवाज न करता. वॉर्मअपमध्ये पंधरा वीस मिनिटं हे नेमानं केलं तर दुखापती खरंच कमी होतात, यावर भरपूर अभ्यास झालाय. पण हे दुखणं नसलेल्या लेकरांसाठी. तुमच्या मुलीनं आधी तपासणी, मग व्यायाम.

परभणीचा_सेंटर:
बीडवाली ताईंचं वाचून लिहितोय. मी लेकरांना शिकवतो. आपल्याकडं खरी अडचण सिमेंटची आहे. एनबीएत मेपल लाकडाचं फ्लोअर असतं, खाली गादीसारखा थर, तिथं खेळून रॉयचे गुडघे गेले. आमच्याकडं कोर्ट म्हणजे सिमेंटचा कोबा, त्याला भेगा, भेगेत वाळू, एप्रिलमध्ये सकाळी आठला सुद्धा पाय भाजतो. लेकरांच्या पायात बाजारातले सोल घासलेले बूट. त्याच कोर्टवर लेअप (धावत येऊन उडी मारून बॉल टाकणं) लेअप लेअप, रोज. मी आता उड्यांचा सराव मातीवर घ्यायलोय, कोर्टवर फक्त शूटिंग आणि पासिंग. शेजारच्या शेतातली काळी माती टाकून एक पट्टा केलाय, पावसाळ्यात चिखल होतो तेव्हा बंद ठेवतो.

दुसरं म्हणजे दहावी. आपल्या भागात बहुतेक पोरांचं करिअर गुडघ्याच्या आधी दहावीलाच संपतं. लातूरला क्लास लागला, मेडिकलच्या नीट परीक्षेची तयारी सुरू झाली, की बॉल गेला माळ्यावर. मी त्याला नावं ठेवत नाही, घरची परिस्थिती तशी असते. पण त्यामुळं होतं काय, की सर, पालक, पोरगं सगळ्यांना जे काही करायचं ते दहावीच्या आत करायचं असतं. गुण, सर्टिफिकेट, पुढं नोकरीतलं पाच टक्के आरक्षण, सगळं डोळ्यासमोर. म्हणून दुखतंय म्हणून थांबायला कोणी तयार नसतं. गोदाकाठ सर, तुमचा मुद्दा इथं मला पटला. नववीतल्या पोरीला "खेळतेस का" विचारून काय उपयोग, ती हो म्हणणारच.

जालना_एक्सप्रेस:
रॉय आता काय करतो मग? सोडून दिलं का सगळं?

गोदाकाठ (नांदेड):
@जालना_एक्सप्रेस नाही सोडलं. २०१६ ला सिॲटलमधल्याच नॅथन हेल नावाच्या शाळेचा कोच झाला. आधीच्या वर्षी त्या टीमनं ३ मॅच जिंकल्या होत्या अन् १८ हरल्या होत्या. रॉयच्या पहिल्या वर्षी २९ मॅच, २९ जिंकल्या, राज्याचं अजिंक्यपद. आता त्यात मायकल पोर्टर ज्युनियर सारखा पोरगा येऊन मिळाला होता, जो पुढं एनबीएत गेला, त्यामुळं सगळं श्रेय कोचचं म्हणणार नाही. पण त्या वर्षीचा देशातला सगळ्यात चांगला शालेय कोच म्हणून नेस्मिथ पुरस्कार त्याला मिळाला. मग तो स्वतःच्या जुन्या शाळेत, गारफिल्डला गेला आणि २०१८ ला त्यांनाही राज्य जिंकून दिलं.

त्याच्या हाताखालच्या पोरांचे गुडघे तो कसे सांभाळत असेल हे बघायला मला फार आवडलं असतं. 

लातूर_पॉइंटगार्ड:
हे कोचिंगचं मला माहीतच नव्हतं, भारी वाटलं वाचून. "वाया गेला" म्हणणाऱ्यांना हेच दाखवायचं.

बीडवाली:
ताई, दाखवून आलो. एमआरआय झाला. आतल्या बाजूची गादी कडेला फाटली आहे, लिगामेंट चांगलं आहे म्हणाले. टाके घालता येतील असं डॉक्टरांचं म्हणणं आहे, त्यासाठी लवकर करा म्हणाले. सिलेक्शन जाणार. मुलगी दोन दिवस जेवली नाही नीट, माझ्याशी बोलेना. तिला काल गोदाकाठ दादांनी सांगितलेली ती डॅलसची मॅच लावून दिली आणि मग वरची ताईंची माहिती वाचून दाखवली. तिनं एकच विचारलं, आठ दिवसांत त्याला कोणी उतरवलं. तिच्या वडलांनी पण ऐकलं सगळं. ऑपरेशनची तारीख घेतली आहे. सरांना मी स्वतः जाऊन सांगणार आहे.

गोदाकाठ (नांदेड):
बीडवाली ताई, मन भरून आलं. सहा महिने गेले तरी ती दहावीतच असेल, खेळायला पुढं अख्खं ज्युनियर कॉलेज आहे. तोवर खुर्चीवर बसून फ्री थ्रोचा हात तयार करता येतो, डॉक्टरांनी बसायची परवानगी दिली की मला कळवा, मी ड्रिल लिहून पाठवतो.

फिजिओताई (छ. संभाजीनगर):
टाके घालताहेत हे उत्तम झालं ताई. सुरुवातीला गुडघा किती अंशापर्यंत वाकवायचा आणि पायावर भार कधी द्यायचा हे सर्जनकडून लिहूनच घ्या, प्रत्येकाचं वेगळं असतं. कुबड्यांची उंची तिथंच मोजून घ्या. आणि व्यायाम फिजिओसमोर करायचे, मोबाइलवर बघून नाही. बीडला कोणी ओळखीचं नसेल तर मला व्यक्तिगत निरोप टाका.

परभणीचा_सेंटर:
ताई, तुमचा तो उतरायचा व्यायाम, बॉक्सची उंची किती ठेवायची बारा तेरा वर्षांच्या लेकरांना? आमच्याकडं लाकडी स्टूल आहेत पण ते उंच वाटतात मला.

फिजिओताई (छ. संभाजीनगर):
स्टूल नको. जिन्याची एक पायरी पुरे सुरुवातीला. आवाज न करता, गुडघे आत न वळता नीट उतरायला लागले की मगच दुसरी पायरी.